घर दोन तासांवर असताना महेश्वरात मुक्काम

पुण्याहून इंदूरला मोटारीने यायचे म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास, आणि इंदुरातल्या आपल्या बहुतेक मराठी कुटुंबांना तो तोंडपाठ असतो: नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटचा नर्मदेवरचा पूल आणि धामनोद. वाटेत मुक्काम करायचाच झाला तर तो धुळ्याला, असे जणू ठरूनच गेले आहे. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच करत आलो. महामार्गालगतच्या खोलीत रात्रभर ट्रकांचे भोंगे ऐकायचे आणि पहाटे आंबलेल्या अंगाने पुन्हा गाडीत बसायचे, याला झोप म्हणता येईल, मुक्काम नाही. म्हणून या नोव्हेंबरात, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, मी मुक्काम पुढे ढकलून थेट नर्मदेकाठच्या महेश्वरला ठरवला. यजमानांचे म्हणणे, "अगं, तिथून दोन तासांत घरी पोहोचू, मग राहायचे कशाला?" त्यावर मी इतकेच म्हटले, "अहो, घर कुठे पळून जात नाही."

धामनोदहून महेश्वर अवघ्या तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. पुण्याहून पहाटे साडेचारला निघालो होतो, त्यामुळे जेवणखाण धरूनही दुपारी चारच्या आत नदीवर पोहोचलो. प्रवासाचा मोठा पल्ला मागे पडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या अंतराची चिंता डोक्यात राहत नाही, आणि धामनोद-मानपूरच्या मधला गणपती घाट अंधारात, थकलेल्या डोळ्यांनी चढावा लागत नाही. त्या घाटात उतरणीला माल भरलेल्या ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले आहेत, हे इंदूरकरांना सांगायला नको.

आम्ही उतरलो ते गावाबाहेर, नदीच्या उत्तर काठावरच्या एका छोट्या निवासात. पक्क्या ओट्यावर उभारलेले कापडी तंबू, मागे जोडून स्वच्छ न्हाणीघर, समोर दोन खुर्च्या आणि त्यापुढे थेट उतार नदीपर्यंत. भाडे एका रात्रीचे चार हजारांच्या आत होते आणि त्यात सकाळचे पोहे होते. नोंदणी करताना नदीकडे तोंड असलेला तंबू देण्याचे कबूल केले होते, प्रत्यक्षात मात्र पहिल्यांदा दिला तो गाड्या उभ्या करण्याच्या जागेसमोरचा. शांतपणे आग्रह धरल्यावर तो बदलून मिळाला, पण अकरा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला तेवढी वादावादीसुद्धा जड जाते. शिवाय रात्री वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला आणि त्याच्या घरघरीत नदीचा आवाज तासभर बुडून गेला. अशा ठिकाणी जनरेटर काठापासून दूर, आडोशाला बसवणे हे मालकांचे पहिले कर्तव्य आहे. जेवण मात्र उत्तम होते. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी हे निमाडचे, म्हणजे नर्मदेकाठच्या या भागाचे, रोजचे अन्न. त्या भाजीला निमाडीत अमाडी म्हणतात, पण पहिल्या घासालाच ती आजीच्या हातची वाटली.

खरी संध्याकाळ नदीच्या घाटावर. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ च्या सुमारास राजधानी इथे आणली आणि १७९५ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. किल्ल्यातला त्यांचा वाडा पाहिल्यावर त्याच्या साधेपणाने मन भरून येते, आणि मग त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी उतरणारे दगडी घाट पाहून त्यांनी खर्च कशावर केला ते कळते. घाटावरून नाव घ्यावी आणि बसण्याआधीच पैसे ठरवून घ्यावेत. इंजिनाच्या नावा पुष्कळ असल्या तरी वल्ह्याची नाव मागून घ्या, कारण सारा आनंद त्या शांततेत आहे. नदीच्या मध्यभागी बाणेश्वराचे लहानसे देऊळ आहे. तिथवर जाऊन परतताना सूर्य मावळत होता, किल्ल्याची भिंत तांबूस झाली होती, आणि नावाड्याने वल्ही काही क्षण पाण्यावर आडवी धरून ठेवली. वल्ह्याच्या पात्यावरून थेंब एकेक करून पाण्यात पडत होते आणि त्यांचा आवाज ऐकू येत होता. पुण्यापासून धामनोदपर्यंत आमच्यात बोलणे झाले होते ते टोल, डिझेल आणि पुढच्या वळणाचे. इथे यजमान आपणहून आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाविषयी, पाटणीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीविषयी बोलू लागले. मी काही म्हटले नाही, ऐकत राहिले. नंतर पानाच्या द्रोणातला दिवा दोघांनी मिळून पाण्यात सोडला. तो घाटाच्या पायऱ्यांना लागून थोडा अडला, मग प्रवाहात निघाला.

सकाळी लवकर सहस्रधारेला जावे. कार्तवीर्याने आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवली आणि ती हजार धारांनी निसटली, अशी कथा आहे, आणि काळ्या खडकांतून फुटत जाणारे पाणी पाहिले की ती कथा कुणाला का सुचली असेल ते समजते. पाण्यात मात्र उतरू नये. खडक शेवाळलेले असतात, आणि वर ओंकारेश्वरचे धरण असल्याने तिथून पाणी सोडले की पातळी पाहता पाहता वाढते. तिथून परतून किल्ल्यात लिंगार्चन पाहिले. ओल्या काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगे गुरुजी भराभर वळतात, लाकडी पाटावर ओळीने मांडतात आणि प्रत्येकावर तांदळाचा एकेक दाणा ठेवतात. पूजेनंतर ती सारी नर्मदेत विसर्जित होतात. हा नेम अहिल्याबाईंच्या काळापासूनचा आहे.

इथली महेश्वरी साडी घ्यायची असेल तर हातमाग चालू असलेल्या घरातच जावे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो की नाही ते उलटून पाहावे, कारण महेश्वरीची ओळख तीच. मी आमसुली रंगाची घेतली, यजमानांनी निवडलेली.

मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात निमाड अक्षरशः भाजून निघतो, आणि पावसाळ्यात नदी चढली की नावा बंद होतात. शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावा, कारण त्या दिवशी निम्मे इंदूर घाटावर असते. अमावास्या आणि नर्मदा जयंतीची गर्दी वेगळीच. आम्ही मंगळवारी पोहोचलो होतो आणि अंधार पडल्यावर घाटावर आमच्याखेरीज परिक्रमेतले दोन वृद्ध तेवढे होते. त्यांनी "नर्मदे हर" म्हटले, आम्हीही म्हटले. बुधवारी अकराला निघून दीडला आम्ही घरी जेवायला बसलो होतो. फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नाला पुन्हा पुण्याला जायचे आहे, आणि परतीच्या मुक्कामासाठी यजमानांनी आताच नदीकडचा तंबू सांगून ठेवला आहे, या वेळी लेखी.