पावसाळ्यातली रंगपुस्तके आणि कोझी रहस्यकथा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये गोव्यात, आमच्या फोंड्यात, पाऊस धरला तेव्हा मी दोन छंद एकदम सुरू केले. एक मोठ्यांसाठीच्या रंगपुस्तकांचा आणि दुसरा कोझी मिस्ट्रींचा, म्हणजे रक्तपात पडद्याआड ठेवून गावगप्पांच्या आधारे खुनाचा छडा लावणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांचा. आता जानेवारी संपत आला आहे. दोन रंगपुस्तके आणि सात कादंबऱ्या हाताखालून गेल्या आहेत.

पहिले रंगपुस्तक मी मुखपृष्ठावरील नक्षी आणि चित्रांची संख्या पाहून घेतले, आणि तिथेच चुकले. कागद पातळ, चित्रे दोन्ही बाजूंना, आणि बांधणी गोंदाची. त्यामुळे पुस्तक सपाट उघडत नसे आणि प्रत्येक चित्राचा आतला बोटभर भाग कण्याशी गडप होत असे. जुलैच्या दमट हवेत तो कागद इतका मऊ पडला की पेन्सिलीचा दुसरा थर देताच पृष्ठभागाचे तंतू उठू लागले, आणि जेल पेनची शाई रात्रभर ओलीच राहून सकाळी तळहाताला लागली. शेवटी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात कणा कापून त्याला स्पायरल बाइंडिंग करून घेतले. पुस्तक सपाट उघडू लागले, परंतु कागदाचा दोष त्याने कसा जाणार?

दुसरे पुस्तक घेताना मी आधी कागद चाचपला. दीडशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा), किंचित खरखरीत, चित्र एकाच बाजूला. हा खरखरीतपणा महत्त्वाचा आहे, कारण रंगाचे कण त्यातच अडकतात. गुळगुळीत कागदावर दोन-तीन थरांनंतर पेन्सिल नुसती घसरते. मात्र अल्कोहोल मार्कर वापरणाऱ्यांनी या आकड्यावरही विसंबू नये. ती शाई आरपार जातेच, तेव्हा पानाखाली जाड पुठ्ठा ठेवावा.

पेन्सिलींबद्दल थोडक्यात. मेणाधारित पेन्सिली मऊ असतात, रंग चटकन मिसळतात, पण जाड थर दिल्यास काही दिवसांनी चित्रावर पांढुरका पापुद्रा येतो. मी त्याला बुरशी समजून घाबरले होते; ते वर आलेले मेण असते आणि मऊ फडक्याने पुसले जाते. तेलाधारित पेन्सिलींना, उदाहरणार्थ १९०८ पासून चालत आलेल्या पॉलिक्रोमॉसला, हा त्रास नाही आणि त्यांचे टोकही बारीक नक्षीत टिकते; किंमत मात्र खिशाला चांगलीच जाणवते.

खरी बुरशी आणि कसर यांसाठी मी पुस्तके घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की ते स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा कोरडे करता येतात. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे आमच्या घरात दोनदा सांगावे लागले.

कादंबऱ्यांचा अनुभव याहून सुखाचा आहे. रंगवताना वाचता येत नाही, म्हणून यजमान वाचून दाखवतात आणि मी रंगवते. प्रत्येक कथेत त्यांचा संशय पोस्टमास्तरवर असतो, आणि सातपैकी एकाही कथेत तो खरा ठरलेला नाही. माझ्या मते कोझीमध्ये खुनापेक्षा गाव पाहावे. गाव जिवंत असेल तर खुनी तिसऱ्या प्रकरणात ओळखू आला तरी बिघडत नाही, आणि गाव नुसते सजावटीचे असेल तर कितीही कोडी घातली तरी कथा उभी राहत नाही. कोणाच्या खिडकीत रात्री उशिरापर्यंत दिवा होता, ही बातमी आमच्या वाड्यावर सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीबरोबर दारोदार पोचते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या बोलण्यातून गुन्हा उलगडणे मला मुळीच कृत्रिम वाटत नाही.

नवख्यांनी अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून सुरुवात करावी. १९३० मध्ये ही विणकाम करणारी वृद्धा प्रथम कादंबरीत आली, आणि सेंट मेरी मीड या आपल्या गावातल्या माणसांशी तुलना करून ती जग ओळखते. या कादंबऱ्या कोणत्याही क्रमाने वाचता येतात. हल्लीच्या मालिकांचे तसे नाही. त्यांत नायिकेचे प्रेमप्रकरण पुस्तकागणिक पुढे सरकते, आणि मी पाचवा भाग आधी वाचल्याने पहिल्या चार भागांतला संशयित प्रियकर निर्दोष आहे हे आधीच कळून बसले. काही मालिकांच्या शेवटी पाककृती असतात. मी एकच केली. लोणी आणि साखरेचे प्रमाण पाहून दुसरी करण्याचे धाडस झाले नाही.

सातपैकी चार कादंबऱ्या पणजीला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयातून आणल्या. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाची वर्गणी भरणे मला प्रत्येक कादंबरी विकत घेण्यापेक्षा परवडते. रंगपुस्तकाला अर्थातच तो मार्ग नाही. दुसऱ्या पुस्तकातली अकरा चित्रे अजून शिल्लक आहेत, आणि हवा कोरडी आहे तोवर, मार्चच्या आत, ती संपवण्याचा विचार आहे.