वास मारते पण काम करते: डीएल-मेथिओनिन पावडर

1000 लेयर (अंड्यांच्या कोंबड्या) आहेत, फीड स्वतःच मिक्स करतो, मका आणि सोया पेंड. अंडी लहान यायला लागली, पिसं विस्कटलेली, आणि एकमेकींची पिसं उपटायचा नाद लागला तो वेगळाच. तर आधी माझा येडेपणा सांगतो, मी एक लालभडक लिक्विड टॉनिक आणलं, बाटलीवर '18 अमिनो ॲसिड्स' मोठ्या अक्षरात, पण कुठलं किती ग्रॅम ते कुठेच नाही. महिनाभर पाण्यातून पाजलं, फरक शून्य. मग एकदा हिशोब मांडला तेव्हा ट्यूब पेटली: एवढ्या कोंबड्या दिवसाला साधारण 110 किलो फीड खातात, टनभर फीडला 1 किलो मेथिओनिन (कोंबडीला लागणारं एक अमिनो ॲसिड, म्हणजे प्रथिनाचा घटक) धरलं तरी रोज 110 ग्रॅम पोटात जायला पाहिजे, ते झाकणभर लाल पाण्यातून कुठून जाणार?

मग ही पावडर आणली. पोत्यावर सरळ 99 टक्के लिहिलंय, बॅच नंबर, तारीख, बाकी बडेजाव नाही. पोतं उघडलं की गंधकाचा वास नाकात बसतो, तो तसाच असतो, माल खराब नाहीये. डायरेक्ट मिक्सरमध्ये ओतू नका, आधी पाचेक किलो मक्याच्या भरड्यात नीट कालवा आणि मग टाका, नाहीतर एका कोंबडीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही. आणि जास्त टाकलं तर जास्त फायदा असंही नाही, मेथिओनिन अती झालं की कोंबड्या खाणंच कमी करतात.

मका-सोयाच्या फीडमध्ये सगळ्यात आधी हेच कमी पडतं, त्यामुळे अंड्याच्या साइजमध्ये तीनेक आठवड्यात फरक दिसला. पिसं उपटणं पण कमी झालं, पण तेव्हाच मी शेडमधली गर्दीही कमी केली होती, म्हणून सगळं क्रेडिट पावडरला देत नाही.

लायसिन (असंच दुसरं अमिनो ॲसिड) पण घेणार असाल तर नुसता पोत्याचा भाव बघू नका, ते एचसीएल आणि सल्फेट अशा दोन रूपांत मिळतं, एचसीएलमध्ये लायसिन साधारण 78 टक्के आणि सल्फेटमध्ये 55च्या आसपास, म्हणजे 1 किलो एचसीएलच्या जागी सल्फेट जवळपास 1.4 किलो लागतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण आतली प्लास्टिकची पिशवी फारच पातळ आहे, दमट हवेत अर्ध्या पोत्याचे खडे झाले आणि ते चाळत बसावं लागलं.