लिनक्सवर अडलं की कुठे विचारायचं: अकरा दिवस, सहा मदतगट

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर प्रुफं वाचते. संगणक मला चालतो तोवर कळतो, बंद पडला की कळेनासा होतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स थांबली आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर काही विंडोज ११च्या यादीत बसेना. धडधाकट यंत्र भंगारात काढायचं जिवावर आलं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली. आवाज, पडदा, प्रिंटर सगळं पहिल्या फटक्यात सुरू झालं. वायफाय मात्र नाही. फोन यूएसबीने जोडून त्याच्या नेटवर मी अकरा दिवस काढले. त्या काळात सहा ठिकाणी मदत मागितली, किंवा नुसतं वाचत बसले. त्या ठिकाणांविषयी हे लिहितेय.

सुरुवातीलाच चुकले ती मीच. शोधपट्टीत टाकलं, ‘लिनक्स वायफाय चालत नाही’. प्रुफाच्या समासात ‘या पानावर कुठेतरी चूक आहे’ एवढंच लिहून पान परत पाठवावं, तसलं हे काम. उत्तरं हजारो आली आणि त्यातलं एकही माझ्या यंत्राबद्दल नव्हतं. वरच्या ओळीत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा ग्राहकगट दिसला (नाव घेत नाही), तिथे विचारलं. दोन दिवसांनी उत्तर: या मॉडेलवर मूळ प्रणालीच चालवावी, तीच परत टाका. खाली प्रश्न होता, ‘या उत्तराने तुमची अडचण सुटली का?’ मी ‘नाही’ दाबलं. त्यांनी आभार मानले.

दुसरं ठिकाण म्हणजे एक चॅटगट. इथे वेगाची मात्र तक्रार नाही. मिनिटभरात तिघं धावून आले. एक म्हणाला सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना सही तपासणारी सोय) बंद कर, दुसरा म्हणाला कर्नल (प्रणालीचा गाभा) बदल, तिसऱ्याने कुठल्याशा पत्त्यावरून स्क्रिप्ट उतरवून थेट सुडोने, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार देऊन, चालवणारी एक लांबलचक ओळ दिली. ती ओळ काय करते असं विचारल्यावर ‘चालवून बघ ना’. प्रुफात न वाचलेलं वाक्य मी पुढे जाऊ देत नाही, तर ही ओळ कशी जाऊ देईन? तेवढ्यात चौथा खाजगी निरोपात आला आणि दूरून पडदा हाताळायचं सॉफ्टवेअर टाकायला सांगू लागला. त्याला ब्लॉक केलं. तुम्हीही करा. जाणकार माणूस सगळ्यांसमोर उत्तर देतो, कारण त्याचं चुकलं तर दुरुस्त करायला बाकीचे असतात. आणखी एक अडचण अशी की चॅटमधलं बोलणं शोधयंत्राला सापडत नाही. दुसऱ्या दिवशी ती सिक्युअर बूटची गोष्ट परत वाचायला गेले, तर वरून शेकडो निरोप वाहून गेलेले. आणि नेमका तोच धागा कामाचा होता, हे मला आठवड्याने कळलं.

माझे एक ज्येष्ठ सहकारी युजनेटचे, म्हणजे वेबच्याही आधीच्या चर्चागटांचे, भक्त. ‘न्यूजग्रुपवर विचार,’ म्हणाले. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. युजनेट १९८०पासून चालू आहे आणि लायनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या प्रणालीची बातमी जगाला दिली ती तिथेच, २५ ऑगस्ट १९९१ला, मिनिक्स नावाच्या प्रणालीच्या गटात. हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं त्याने लिहिलं होतं. तो निरोप आजही वाचता येतो. पण गूगल ग्रुप्समधून युजनेटवर नवं काही लिहिण्याची सोय २२ फेब्रुवारी २०२४ला बंद झाली. आता लिहायचं तर वेगळा सर्व्हर गाठायचा आणि थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधून जायचं. वायफायविना बसलेल्या माणसाने एवढी तयारी करायची कधी? जुनं वाचायला मात्र उत्तम जागा. एक अख्खी संध्याकाळ मी तिथे घालवली, वायफायचं काम सोडून.

आता मिंटचा स्वतःचा मदतगट. इथे जरा थांबते, कारण माझं काम इथेच झालं.

वरच टाचून ठेवलेला एक धागा आहे: मदत मागण्याआधी काय काय द्यायचं. बहुतेक लोक तो ओलांडून जातात. मी वाचला, कारण सूचना वाचणं हा माझा धंदा. मिंटमध्ये यंत्राची सगळी माहिती एकत्र दाखवणारं साधन आहे. त्यातलं बटण दाबलं की ती मजकूर म्हणून कॉपी होते. प्रोसेसर कुठला, कर्नल कितवा, वायफायची चिप कुठली, तिला ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) मिळालाय की नाही, सगळं. मला आवडलं ते हे की कार्डाचा स्वतःचा पत्ता जिथे यायला हवा, तिथे टोकदार कंसांत ‘फिल्टर’ एवढाच शब्द येतो. चारचौघांत टाकायची नाही ती माहिती साधनच गाळतं. पडद्याचा फोटो टाकू नका, मजकूर चिकटवा, असाही तिथे आग्रह आहे. सुरुवातीला हा सोवळेपणा वाटला. मग लक्षात आलं, फोटोतली अक्षरं कुणाला शोधता येत नाहीत.

सहा तासांनी एकाने उत्तर दिलं. शिकवण नाही, टोमणा नाही, एकच ओळ: मॉडप्रोब या आज्ञेने ड्रायव्हर हाताने चढवून बघ आणि जे छापून येईल ते जसंच्या तसं इथे टाक. टाकलं. छापून आलं होतं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

मी आधी लिहिणार होते की ‘ड्रायव्हर चढत नाही, किल्लीचा काहीतरी घोळ आहे’. हात आवरला. लेखकाचं वाक्य आपल्या शब्दांत लिहायचं नाही, हे मी नव्या मुलांना शिकवते. यंत्राच्या वाक्यालाही तोच नियम. ती पाच शब्दांची ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधली आणि पहिल्याच पानावर आस्क उबुंटू आणि युनिक्स अँड लिनक्स, दोन्हीकडचे धागे हजर. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ हे त्याच दुखण्याचं दुसरं नाव, हेही तिथेच कळलं.

ही दोन्ही भावंडं स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या जाळ्यातली, दोघंही २०१०ची. गप्पांना वाव नाही. प्रश्न, उत्तर, मतं. वाचायला यासारखी जागा नाही, विचारायला मात्र दार बघून जावं लागतं. आस्क उबुंटूवर फक्त उबुंटू हे लिनक्स आणि त्याची अधिकृत रूपं चालतात. मिंट उबुंटूवरच उभं असलं तरी तिथे बसत नाही. मिंटवाल्यांनी युनिक्स अँड लिनक्सचं दार ठोठावायचं. मी प्रश्न लिहून पाठवणार तोच हा नियम दिसला, नाहीतर तो बंद झाला असता आणि मी चिडले असते. दुसरं म्हणजे तारीख बघा. सर्वाधिक मतं मिळालेलं उत्तर २०१२चं असू शकतं आणि मधल्या काळात खालचं बरंच बदललंय: उबुंटूने २०१५मध्ये यंत्रातल्या सेवा सुरू करायला सिस्टमडी घेतलं, २०१७मध्ये नेटवर्कची मांडणी नेटप्लॅन या साधनाकडे गेली. जुन्या उत्तरातली फाइल तुमच्याकडे सापडतच नाही आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मी आधी तारीख, मग खालच्या टिप्पण्या, मग उत्तर असं उलटं वाचते.

उत्तर मिळालं, पण असं का होतं हे आर्चविकीने सांगितलं. आर्च या आणखी एका लिनक्सचा हा माहितीकोश, मदतगट नव्हे, म्हणून सहांत मोजत नाही. आर्चच्या मदतगटात आर्चखेरीज कुणाला थारा नाही, ते त्यांनी स्पष्टच लिहून ठेवलंय. विकी मात्र सगळ्यांना उपयोगी पडते. भाषा कोरडी, पण एक शब्द जास्तीचा नाही. संपादन म्हणून मी दहापैकी नऊ देईन. मला समजलं ते असं: सिक्युअर बूट चालू असेल तर सहीशिवायचा ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. माझा ड्रायव्हर माझ्याच यंत्रावर बांधला जातो, त्यावर सही होते ती माझ्याच यंत्रावर तयार झालेल्या किल्लीची. ती किल्ली लॅपटॉपला ओळखीची करून द्यायला पुढच्या वेळी सुरू होताना कुणीतरी कीबोर्डसमोर बसून ‘हो’ म्हणावं लागतं. एखादा घातक प्रोग्रॅम स्वतःच ‘हो’ म्हणू नये, म्हणून ही तजवीज.

आणि मग आठवलं. ड्रायव्हर टाकताना एका खिडकीने पासवर्ड ठरवायला सांगितला होता. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर निळा पडदा आला होता, कोपऱ्यात दहापासून उलटे आकडे. कुठलंही बटण दाबा, असं काहीतरी. मी घाबरले, हात लावला नाही. दहा सेकंदांनी तो आपला आपण गेला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. वायफायही त्याच्याबरोबर गेलं होतं.

किल्ली पुन्हा नोंदवायची आज्ञा मिंटच्या त्याच माणसाने दिली. या वेळी बटण दाबलं, ‘एनरोल मॉक’ (किल्ली नोंदवा) निवडलं, पासवर्ड घातला. साधाच ठेवला होता, कारण त्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो, हेही त्यानेच बजावलं होतं. वायफाय लागलं. सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती.

सहावं ठिकाण लिबेरा चॅट, आयआरसी या जुन्या चॅटपद्धतीवरचं. २०२१च्या मे महिन्यात फ्रीनोड या आधीच्या जाळ्यावरून बरीचशी मंडळी इथे आली. मी काम झाल्यावर नुसती डोकावले. एवढंच सांगते: ‘काही विचारू का?’ असं विचारू नका, सरळ प्रश्न टाका आणि खिडकी उघडी ठेवून आपलं काम करत बसा. खिडकी मिटली की मागून आलेलं उत्तर तुम्हाला दिसत नाही.

मिंटच्या धाग्यावर परत जाऊन पहिल्या निरोपाच्या शीर्षकात ‘सॉल्व्हड’ जोडलं आणि ती पाच शब्दांची ओळही घातली, अक्षर न बदलता. तीन आठवड्यांनी खाली एका अनोळखी माणसाचा निरोप आला. त्याचाही निळा पडदा दहा सेकंदांत निघून गेला होता.