डीआर, पायलटेज की जीपीएस? पहिल्या सोलो क्रॉस-कंट्रीआधी (एकट्याने करायच्या लांबच्या उड्डाणाआधी) ठरवायचं असेल तर

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या ठाणे-ऐरोली-खारघर पट्ट्यात सीपीएलला (व्यावसायिक पायलटच्या परवान्याला) निघालेली पोरं जरा जास्तच दिसायला लागलीत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, टॅब्लेटवर सगळं दिसतंय तर नकाशा, कंपास, स्टॉपवॉच हे कशाला शिकवतात? प्रश्न रास्त आहे. विमानातून वाट काढायच्या तीन पद्धती आहेत, तिन्हींबद्दल मी माझं मत सांगतो, आणि आधीच सांगून टाकतो की माझा कल डेड रेकनिंगकडे आहे.

डेड रेकनिंग, म्हणजे डीआर. नकाशावर रेघ मारायची, तिची दिशा मोजायची, वाऱ्याचा हिशोब लावून हेडिंग (विमानाचं नाक कुठल्या दिशेला ठेवायचं ते) काढायचं आणि घड्याळ चालू करायचं, बस. सेसना १५२ साधारण ९० नॉटने (ताशी ९० नॉटिकल मैल) जात असेल तर मिनिटाला दीड नॉटिकल मैल, म्हणजे सहा मिनिटांत नऊ, हे डोक्यातच होतं. कंटाळवाणं वाटतं पण वाऱ्याचं गणित टाळून बघा काय होतं ते. बाजूने २० नॉटचा वारा असेल तर ९० नॉटच्या विमानाला १३ अंशांच्या आसपास ड्रिफ्ट येतो, म्हणजे ते तेवढं बाजूला सरकत जातं, वीस मिनिटं दुर्लक्ष केलंत की रेघेपासून जवळपास १२ किलोमीटर बाजूला, म्हणजे ठाणे स्टेशन समजून खाली बघताय आणि खाली जवळजवळ वाशी. डीआरचा दोष हाच की वाऱ्याचा अंदाज चुकला की चूक गुपचूप वाढत जाते, विमान काही बोलत नाही.

पायलटेज म्हणजे खालच्या खुणा बघत जाणं, नदी, रेल्वे, धरण, डोंगर. सगळ्यांना हेच सोपं वाटतं आणि फसवतंही हेच. आपल्याच खाडीचं उदाहरण घ्या (शिकाऊ विमान घेऊन इथे कोणी फिरायला देणार नाही, मुंबई आणि नवी मुंबई दोन्हीकडचं आकाश कंट्रोल्ड आहे, म्हणजे परवानगीशिवाय शिरता येत नाही, पण जागा ओळखीची म्हणून सांगतोय). खाडीवर पूल दिसला, हा कुठला? ऐरोलीचा, वाशीचा की अटल सेतू? नुसता पूल दिसून काही सिद्ध होत नाही. रस्त्याच्या पुलाशेजारी रेल्वेचा पूल असेल तर वाशी, रेल्वे नसेल आणि पूर्वेला लगेच पारसिकची डोंगररांग असेल तर ऐरोली. एका खुणेला शेजारच्या किमान एक-दोन गोष्टी जुळल्याशिवाय ती खूण धरायची नाही. आणि रूळ धरून जाणाऱ्यांनी पारसिक बोगदा आठवावा, रूळ डोंगरात शिरतात, विमान नाही शिरत, अशा प्रकारात जगभर लोक अडकलेत.

घाटावर गेलात की अजून मजा. बारामतीला शिकणाऱ्यांना उजनीचं पाणी ही मोठी खूण वाटते, आणि आहेच, पण पावसाळा संपताना भरलेली उजनी आणि मे महिन्यातली उजनी यांचा आकार एक नसतो, काठ कुठल्या कुठे सरकलेला असतो. म्हणून पाण्याच्या काठापेक्षा धरणाची भिंत धरा, ती हलत नाही. समृद्धी महामार्ग तर भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, वरून बघायला झकास रेघ, पण शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, नकाशा जुना असेल तर त्यात तो नसणारच आणि पोरगं त्याला दुसराच हायवे समजून बसणार. सपाट मराठवाड्यात गावं, शेततळी, साखर कारखान्यांची धुराडी, सगळं एकासारखं एक.

यात एक सवय फार महत्त्वाची: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. घड्याळ सांगतं आत्ता कुठे असायला हवं, नकाशा सांगतो तिथे काय दिसायला हवं, आणि मग खाली बघायचं. उलट केलं, म्हणजे खाली काहीतरी दिसलं आणि ते नकाशात शोधायला लागलात, की मन कुठलंही गाव कुठेही बसवून दाखवतं. उलटी दिशा फक्त खरंच हरवल्यावर वापरायची. डोळ्याने उडायला साधारण ५ किलोमीटर दृश्यता लागते आणि थंडीतल्या धुरकट सकाळी जेमतेम तेवढीच मिळते, ९० नॉटला ते अंतर दोन मिनिटांच्या आत संपतं. म्हणजे समोर काय उगवणार हे आधी माहीत नसेल तर ओळखेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. इथे नुसतं पायलटेज हरतं, डीआर तरून जातं.

दोघांची सांगड वन-इन-सिक्स्टी नियमात बसते. साठ मैलांवर एक मैल बाजूला म्हणजे एक अंश चूक. वीस मैल गेलात, खूण दोन मैल डावीकडे यायला हवी होती ती बरोबर खाली आली, म्हणजे सहा अंशांनी चुकलात. पुढे चाळीस मैल उरलेत तर तिथे पोचायला आणखी तीन, एकूण नऊ अंश उजवीकडे वळा. खूण चूक दाखवते, गणित ती दुरुस्त करतं.

आता जीपीएस. अचूकतेत याला तोड नाही, काही मीटरचा फरक, ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग) आयती, एअरस्पेसच्या (हवाई हद्दीच्या) सीमा समोर, शंका नको. पण टॅब्लेट कॉकपिटच्या उन्हात तापून बंद पडतो, आयपॅड तर ३५ अंशांपर्यंतच वापरायचा असतो आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे ते सावलीत होतात. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ जीपीएस स्पूफिंगच्या तक्रारी आल्या, खोटा सिग्नल आला की पडदा आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो. आणि ‘डायरेक्ट टू’ (थेट ठिकाणाकडे) हे बटण दाबलं की रेघ सरळ जाते, मधे डोंगर आहे की ट्रॉम्ब्यासारखी बंदी असलेली जागा, ते बघायचं काम तुमचंच. सगळ्यात वाईट म्हणजे मान खाली जाते, बाहेर बघणं थांबतं.

अमेरिकेला शिकायला जायचा विचार असेल तर एक गोष्ट वेगळी. मुंबईत मॅग्नेटिक व्हेरिएशन (नकाशाची उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक) जवळपास शून्य, त्यामुळे इथे ते लावायचं विसरलं तरी चालून जातं, ॲरिझोनात तेच दहा अंशांच्या आसपास पूर्वेला आहे, विसरलात की दिशेचा सरळ बोऱ्या. आणि तिथे ॲप सर्रास वापरतात म्हणून सुटका नाही, एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) प्रायव्हेट पायलट परीक्षेत पायलटेज आणि डेड रेकनिंग करून दाखवावंच लागतं.

तर माझं मत: प्लॅन डीआरने करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी एका पक्क्या खुणेने तपासा, त्याच वेळी डायरेक्शन इंडिकेटरही (दिशा दाखवणारं यंत्र, ते हळूहळू सरकतं) कंपासशी जुळवून घ्या, आणि जीपीएस चालू ठेवा पण आधी स्वतःची जागा नकाशावर बोटाने दाखवा, मगच पडद्याकडे बघा. दोन्ही जुळले नाहीत तर आधी बाहेर बघा. इन्स्ट्रक्टर सोबत असताना टॅब्लेट बंद करून पूर्ण एक लेग (दोन ठिकाणांमधला टप्पा) उडा. पुढे सीपीएलसाठी ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री एकट्याने करावी लागते, त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं असतं, तेव्हा विचारायला शेजारच्या सीटवर कोणी नसतं.