आर्डूपायलटवर फोमचं विमान आपोआप उतरवणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

विमान फोमचं, पंखविस्तार १.८ मीटर, वजन साधारण दोन किलो. पंखा मागे, चाकं नाहीत, पोटावर उतरतं. आर्डूपायलट या ऑटोपायलट-सॉफ्टवेअरचं प्लेन फर्मवेअर, पिटो नळीचा (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारा) एअरस्पीड सेन्सर आणि पोटाखाली जमिनीपर्यंतचं अंतर लेझरने मोजणारा छोटा लिडार. हा ऑटोपायलट विमान सुरेख उतरवतो, पण जमीन किती खाली आहे आणि हवेतला वेग किती आहे, हे त्याला खरं कळलं तरच. बिघडलेल्या लँडिंगचा लॉग उघडला की बहुतेक वेळा यांपैकीच एक आकडा खोटा निघतो.

आधी उंची. ती मुख्यतः बॅरोमीटरवरून येते, आणि दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत सुमारे साडेआठ मीटर. वीसेक मिनिटांच्या उड्डाणात बोर्ड तापतो, बाहेरचा दाबही थोडा बदलतो आणि शून्य उंची दोन-तीन मीटरने सहज सरकते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शेवटचा वेपॉइंट (मार्गावरचा ठरवलेला बिंदू) टेकण्याच्या जागेपासून ३०० मीटरवर आणि ३० मीटर उंच, म्हणजे उतार १० टक्के ठेवला असेल, तर उंचीतली ३ मीटरची चूक पट्टीवर ३० मीटर होते. बॅरोमीटर जास्त उंची दाखवत असेल तर फ्लेअर (टेकण्याआधी मोटर बंद करून नाक वर उचलणं) होण्याआधीच नाक मातीत जातं. कमी दाखवत असेल तर मोटर वरच बंद पडते आणि विमान धपकन आदळतं. चिपवर ऊन पडलं तरी आकडा हलतो, म्हणून वर काळ्या, हवा खेळेल अशा स्पंजाचा तुकडा हवाच.

लिडार ही चूक सुधारतो, मात्र रेंजफाइंडर-लँडिंग हा पॅरामीटर १ करावा लागतो. नाहीतर तो नुसते लॉगमध्ये आकडे लिहीत बसतो. स्वस्त लिडारचा पल्ला कागदावर ८ ते १२ मीटर असला तरी भर उन्हात, काळ्या मातीवर बराच कमी भरतो. मग दुरुस्ती अगदी शेवटी होते आणि विमान एकदम नाक खाली घालतं. पठाराच्या कडेवरून आत येणारा मार्ग तर टाळाच : लिडारला खालची दरी दिसते, विमान खूप उंच आहे असा समज होतो. उंच वाळलेल्या गवतात तो शेंडेच मोजतो. इथे पैसे वाचवू नयेत, लांब पल्ल्याचाच लिडार घ्यावा.

फ्लेअरला दोन अटी असतात, ३ मीटर उंची किंवा जमीन २ सेकंदांवर. जी आधी पुरी होईल ती लागू. सेकंदाला १४ मीटर वेगाने १० टक्के उतारावर विमान सेकंदाला १.४ मीटर खाली येतं, म्हणजे दोन्ही अटी जवळपास एकाच वेळी लागतात. पाठवाऱ्यात उतरण्याचा वेग वाढतो आणि सेकंदांची अट आधी लागते. लिडार भरवशाचा असेल तर १.५ मीटर आणि १.२ सेकंद या विमानाला जास्त मानवतात. नुसत्या बॅरोमीटरवर मात्र मूळचे आकडे राहू द्या.

वेग स्टॉलच्या (ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत त्या वेगाच्या) सुमारे १.३ पट ठेवा. पिटोचं कॅलिब्रेशन करताना सेन्सरचा वापर बंद ठेवून ऑटोकॅल (आपोआप कॅलिब्रेशन) चालू करा, किमान पाच मिनिटं गोल घिरट्या घाला, मग ऑटोकॅल बंद. बॅटरी जोडताना नळीवर सैल कापड टाका, म्हणजे वाऱ्याने शून्य बिघडत नाही. नंतर हलकी फुंकर मारून आकडा वाढतो का ते पाहा. विमान शेडमध्ये पडून असलं की कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. बाहेरून काहीच दिसत नाही. अशा नळीवर वेग कमी दिसतो, ऑटोपायलट थ्रॉटल (मोटरची ताकद) वाढवतो, नाक खाली घालतो. नळीला टोपी घालूनच ठेवा.

वाऱ्याची दिशा पाहून मिशन (आधी भरून दिलेला उड्डाणमार्ग) आपोआप बदलत नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी येणारी दोन वेगळी मिशनं जतन करा. टेकण्याचा बिंदूही हव्या त्या जागेच्या २० मीटर अलीकडे द्या, कारण फ्लेअरनंतर हे विमान तरंगत पुढे जातं.

उतरताना बोट मोड स्विचवर आणि थ्रॉटलची काडी मध्यावर असू द्या. ऑटोमध्ये काडी मध्यावर किंवा खाली असेल तर तिच्याकडे लक्ष दिलं जात नाही; पण ती शून्यावर असताना एफबीडब्ल्यूए (फ्लाय-बाय-वायर ए) मोडवर, जिथे मोटर काडीवरच चालते, गेलात तर वर चढायला हवं त्याच क्षणी मोटर बंद असेल.