व्हायब्रेटरी टंबलर: मशीन चांगलं, झाकणाच्या नटाने घालवलं

बंदुकीच्या वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासून स्वच्छ करणाऱ्या माझ्या मशीनचा मधला दांडा तुटला. मोटर ठणठणीत, स्प्रिंगा शाबूत, बाउलला तडा नाही, आणि ज्या आटेवाल्या दांड्यावर झाकण बसतं तो बाउलच्या बुडापाशी गेला. कंपनीचं पहिलं उत्तर आलं की हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, पण नवीन मशीन घेतलंत तर सवलत देऊ. शंभर डॉलरच्या आतलं मशीन, त्यातला दोन-तीन डॉलरचा दांडा, आणि सल्ला काय, तर नवीन घ्या! मी ह्यूस्टनला रिफायनरीच्या देखभालीत काम करतो. दोन डॉलरच्या भागासाठी अख्खं यंत्र भंगारात काढणं मला पटत नाही आणि पटणारही नाही.

मशीन नेहमीचंच, कोरडं, गोल बाउलचं: बाउलमध्ये दाणेदार चुरा (त्याला मीडिया म्हणतात) आणि पुंगळ्या टाकायच्या, मशीन थरथरतं आणि चुरा पुंगळ्यांना घासतो. मी .३०८ (रायफलची) आणि ९ मिमी (पिस्तुलाची) काडतुसं घरी स्वतः भरतो, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवी दारू आणि गोळी बसवतो (याला रीलोडिंग म्हणतात), त्यामुळे नेमबाजीच्या रेंजवरून आणलेल्या पुंगळ्या दर आठवड्याला यात पडतात. .३०८ ची नवी चांगली पुंगळी डॉलरच्या आसपास जाते. नीट सांभाळली तर ती पुन्हा पुन्हा भरता येते, आणि ती सांभाळायची म्हणजे आधी स्वच्छ करायची. काजळी आणि वाळूचे कण राहिले तर पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याला, म्हणजे डायला, आतून ओरखडे पडतात, आणि मग तोच ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो.

या कामात मशीन खरंच उत्तम आहे. पुंगळ्या कडेने वर चढतात, मधल्या दांड्याकडे येऊन खाली बुडतात, पुन्हा वर येतात. एका पुंगळीवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि ती किती वेळाने वर दिसते ते बघा. फार उशिरा आली तर माल जास्त झालाय, थोडा काढा. बाउलवर छापलेल्या क्षमतेकडे मी बघत नाही, ही रेघेची पुंगळी बघतो. आणि टाकण्याआधी पुंगळ्या निवडून घ्या. ९ मिमीची पुंगळी .४५ च्या पोटात जाऊन घट्ट बसते, मग दोन्ही आतून काळ्याच राहतात आणि पक्कड घेऊन बसावं लागतं.

मीडियाबद्दल माझं मत मधे बदललं. सुरुवातीला मी अक्रोडाच्या टरफलाचा चुराच वापरायचा असं ठरवलं होतं, कारण तो काजळी लवकर काढतो. प्राण्यांच्या दुकानात सरड्यांच्या पिंजऱ्यात पसरायला हाच चुरा पोत्याने मिळतो, रीलोडिंगच्या डब्यापेक्षा बराच स्वस्त. पण त्याने येणारी झळाळी मंद असते आणि लालसर धूळ हाताला चिकटते. आता मी मक्याच्या कणसाचा भुसा वापरतो, २०/४० जाडीचा (हे चाळणीच्या जाळीचे आकडे). तो सँडब्लास्टिंगवाल्यांकडे मोठ्या पोत्यात मिळतो. ही जाडी महत्त्वाची आहे. पुंगळीच्या बुडाशी दारू पेटवणारा प्रायमर बसतो, त्याच्या खोबणीतलं भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं आणि जाड दाणा त्यात पाचरीसारखा अडकतो. २०/४० चा दाणा मिलिमीटरच्याही आत असतो, तो गळून जातो. बाटलीची दोन झाकणं भरून कार पॉलिश भुशात घालून मशीन आधी पुंगळ्यांशिवायच चालू ठेवतो, गुठळ्या फुटल्या की पुंगळ्या. रात्री लावलं की सकाळी पितळ असं लखलखतं की हातात घेऊन बघत राहावंसं वाटतं.

आता नट. झाकण दाबून धरणारा विंग नट प्लास्टिकचा आहे आणि तो सैल होतो. कितीही आवळा, तासाभरात आवाज बदलतो. सलग घरघरीत एक कोरडी टकटक मिसळते, म्हणजे नट वर सरकला आणि झाकण नाचायला लागलं. आडव्या कंपनाने नट आपोआप सुटतो हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ सालीच दाखवून दिलं आहे, आणि अशा कंपनात साधा स्प्रिंग वॉशर काही कामाचा नाही हेही तेव्हापासून माहीत आहे. ज्या यंत्राचं कामच मुळी थरथरणं, त्याच्या झाकणाला साधा प्लास्टिकचा नट लावायचा? नायलॉनची कडी असलेला लॉकनट काही सेंटला मिळतो!

कुणी म्हणेल, झाकण वाजतं तर वाजू दे. पण झाकणाच्या फटीतून धूळ येते आणि त्या धुळीत शिसं असतं. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. बार उडाला की शिसं राखेत उरतं, राखेतून पुंगळीत, पुंगळीतून भुशात. आमच्या गॅरेजचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं आणि घरात लहान मूल आहे. मुलांच्या रक्तातल्या शिशाची अमेरिकेतली संदर्भ पातळी २०२१ मध्ये डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली गेली, आणि त्याखाली सुरक्षित असं काहीच नाही असंच डॉक्टर सांगतात. म्हणून हा नट मला मोटरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मी कपडे वाळवायच्या ड्रायरमधल्या वापरलेल्या सुगंधी कापडाच्या पट्ट्या फाडून दर वेळी मीडियात टाकतो. पांढरी पट्टी बाहेर येते ती पाटीसारख्या रंगाची, आणि ती धूळ पट्टीवर आली नसती तर कुठे गेली असती हे वेगळं सांगायला नको. पुंगळ्या भुशातून चाळून काढणं अंगणात, वारा पाठीमागून घेऊन, मास्क आणि हातमोजे घालून. ते कपडे वेगळे धुवायचे, हात गार पाण्याने. भुसा मेला की दोन पिशव्यांत बांधून शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचा, बागेत टाकायचा नाही.

दांडा तुटला तोही या नटामुळेच, याबद्दल मला शंका नाही. तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं तर अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि काळवंडलेला, उरलेली चंद्रकोर तेवढी ताजी, खरखरीत, चकचकीत. म्हणजे तडा फार आधीपासून आत आत सरकत होता आणि शेवटी उरलेल्या धातूला भार झेपला नाही. झाकण सैल, दांडा मोकळा हलतोय, प्रत्येक थरथरीला बुडाशी वाकतोय. पंपाच्या शाफ्टवर असली तोंडं मी नोकरीत नेहमी बघतो. तडा पडला एकीकडे आणि कारण दुसरीकडे, हे तिथेही असंच असतं.

हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच जाडीचा आटेवाला रॉड आणला, करवतीने कापला, बुडाशी वर-खाली रुंद वॉशर आणि लॉकनट, आणि वरती विंग नटाच्या जागी दोन नट एकमेकांवर आवळून. झाकणाच्या कडेला खिडकीची फोमची पट्टी चिकटवली. झाकण काढायला आता पाना लागतो, लागू दे. मशीन रात्रभर चाललं तरी टकटक नाही.

इथवर लिहून झाल्यावर कंपनीकडून पाकीट आलं. मी तुटलेल्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो आणि चार ओळींचं पत्र पाठवलं होतं, ते बहुधा समजणाऱ्या कुणाच्या तरी टेबलावर पोचलं. नवा दांडा फुकट, टपालखर्चही त्यांचाच. ही वागणूक मला आवडली आणि वरची चीड त्या प्रमाणात कमी करून वाचावी. पण दांड्यासोबत नट आला तो तोच, प्लास्टिकचा. पाचपैकी अडीच देणार होतो, साडेतीन देतो. नट बदलतील त्या दिवशी साडेचार.

चमक वाढवायला कुणी अमोनियाचं पितळ-पॉलिश मीडियात घालायला सांगत असेल तर ऐकू नका. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, आणि ताणलेल्या अशा पितळाला अमोनिया तडे पाडतो. हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते आपल्याकडेच. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागांत ठेवायच्या, आणि पुंगळ्या ठेवल्या जागी तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली उलगडलं.

स्टीलच्या पिना घालून पाण्यात फिरवायचं ओलं मशीन मी मित्राकडून आणून वापरून पाहिलं. धूळ अजिबात नाही, प्रायमरच्या खोबण्यासुद्धा स्वच्छ निघतात, आणि लहान मूल असलेल्या घराला माझ्या मते तेच जास्त योग्य. पण त्यात सायट्रिक आम्ल चिमूटभरच. पितळेचं तांब्याभांडं चिंचेत जास्त वेळ राहिलं की तांबूस होतं ना, तेच इथे होतं, वरचं जस्त निघून जातं. शिवाय पुंगळ्या वाळवायच्या, पिना मोजायच्या, शिसं आलेल्या पाण्याची सोय लावायची. इतक्या कमी पैशांत सोपं काम हवं असेल तर कोरडंच घ्या, आणि पहिल्याच दिवशी झाकणाला लॉकनट लावा.

राहिली मोटर. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये ती तापून आपोआप बंद पडते. ती जळलेली नसते, तापल्यावर वीज तोडणारा आतला कटआउट असतो, थंड झाली की परत सुरू होते. खाली जाळीत अडकलेला भुसा ब्रशने काढा, बेअरिंगला मशीन ऑइलचा एक थेंब द्या, आणि जून ते सप्टेंबर रात्रीच चालवा.