सांता फेच्या लोककला संग्रहालयात परिषदेचं जेवण

न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला परिषदेला गेले होते. शेवटच्या रात्रीचं जेवण आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयात होतं. आयोजकांचं मनापासून कौतुक एका गोष्टीसाठी: पानं वाढायच्या आधी त्यांनी जिरार्ड दालन आमच्यासाठी उघडं ठेवलं.

अलेक्झांडर आणि सुझन जिरार्ड या जोडप्याने जमवलेल्या लाखाहून जास्त वस्तू १९७८ मध्ये संग्रहालयाला दिल्या. त्यातल्या दहाएक हजार १९८२ पासून इथे मांडल्या आहेत. मांडणी खुद्द अलेक्झांडर यांची. वस्तूंपाशी पाट्या नाहीत. माहिती हवी तर पुस्तिका घ्यायची. पाट्या नसल्यामुळे माणसं वाचत न बसता नीट बघतात, एकमेकांना हाका मारून दाखवतात. दिवसभर लॅपटॉपमागे बसलेले प्राध्यापक गुडघ्यांवर बसून मातीची बाजारपेठ न्याहाळत होते.

कोचिती पुएब्लोच्या (पुएब्लो म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन लोकांची वस्ती) हेलन कोर्देरो यांनी १९६४ मध्ये जिरार्ड यांच्यासाठी घडवलेली गोष्टीवाल्या आजोबांची पहिली मूर्ती याच संग्रहातली. डोळे मिटलेले, तोंड उघडं, अंगाखांद्यावर पाच नातवंडं. आजोबा हेलन यांचे स्वतःचेच. पुढे पुएब्लो कुंभारकामात अशा मूर्तींची परंपराच सुरू झाली.

आता जेवण. इथे सगळीकडे विचारतात, लाल की हिरवी? म्हणजे मिरचीचा रस्सा. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. मी तेच म्हटलं. भाजलेल्या हिरव्या मिरचीचा धुरकट वास अप्रतिम; लाल जरा कडवट, पण निळ्या मक्याच्या एन्चिलाडावर (मक्याच्या पोळ्यांत सारण घालून केलेला पदार्थ) छान लागली. सोपापिया टम्म फुगलेल्या पुरीसारखी, कोपरा फोडून आत मध ओतायचा. दोन खाल्ल्या.

शाकाहाऱ्यांनी मात्र तोंड उघडून विचारावं. पोसोलेत, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या रश्शात, बहुधा डुकराचं मांस असतं आणि बडीशेपेच्या वासाची बिस्कोचितो बिस्किटं पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात. आमच्या केटररने टेबलावर काहीच लिहून ठेवलं नव्हतं. विचारलं तेव्हा वाढणाऱ्या मुलीने आत जाऊन खात्री करून सांगितलं, पण तोवर काहीजणांची खाऊन झाली होती. परदेशी पाहुणे बोलावल्यावर ही हयगय चालत नाही.

गाव सात हजार फुटांवर आहे, संध्याकाळी उन्हाळ्यातही गारवा येतो. शाल न्या, पाणी भरपूर प्या. आणि आयोजकांना आधीच सांगा: आभाराची भाषणं निम्मी करा, तो वेळ दालनाला द्या.